फाटकाशी दोन ठिपके

तिने माउसचं चाक पुढे फिरवलं तसं पाळणाघराचं छप्पर पडदाभर झालं आणि त्यावर लाल रेघांचा गुंता उमटला. साळिंदराने अंग फुलवावं तसा. रेघा या भिंतीतून त्या भिंतीत, तिथून मागच्या टोकाला, पुन्हा पुढे. ती खुर्चीत पुढे सरकली. एवढी धावते आपली ठकू?

"ताई, नाच बसवलाय का कुणाचा?" शेजारच्या संगणकावरची मुलगी वाकून बघत म्हणाली. वर्गात सगळे तिला टाचणी म्हणत. नकाशावर दिसेल तिथे खुणेच्या टाचण्या टोचून ठेवायची तिला खोड होती.

"घरचाच आहे," ती म्हणाली आणि हसू लपवायला तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

गृहपाठ साधा होता. तीन दिवस आपली येण्याजाण्याची वाट नोंदवायची. एक फोनवर आणि एक कॉलेजने दिलेल्या, मुठीत मावणाऱ्या जीपीएस यंत्रावर. मग दोन्ही वाटा एका नकाशावर आणून त्यांच्यात कुठे किती फरक पडतो ते दाखवायचं. दोन्ही एकाच खिशात ठेवा, असं सरांनी बजावून सांगितलं होतं. तिने फोन स्वतःच्या खिशात ठेवला आणि यंत्र लेकीच्या, ठकूच्या दप्तराच्या तळाशी, जादा फ्रॉकच्या घडीत. चुकून राहिलं असं सांगायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. विचारलं मात्र कुणीच नाही.

ठकू पाळणाघरात रुळली की नाही, याचा तिला थांग लागत नव्हता. तिथल्या मावशी म्हणत, "रुळेल हो, सगळीच रुळतात." ठकूला विचारावं तर ती फुरंगटून म्हणे, "आज पण चेंडू मिळाला नाही." सासूबाई भाजी निवडता निवडता एकदाच बोलल्या होत्या, पण ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं होतं: "आई जगाचे रस्ते काढतेय आणि लेक रस्त्याकडे डोळे लावून बसलीय."

रोज सकाळी ठकूला आत सोडलं की ती कोपऱ्यापर्यंत चालत जाई आणि तिथून परत येई. पाळणाघराचं फाटक पत्र्याचं होतं. त्याला कान लावून ती उभी राही. आत कुणी ना कुणी रडत असेच, आणि कुणाचंही रडणं तिला ठकूचंच वाटे. नवऱ्याला तिने सांगून टाकलं होतं, हे सत्र संपेपर्यंत बघते, नाहीतर सोडते कॉलेज. तो वाळलेले कपडे दोरीवरून काढत म्हणाला होता, "तू म्हणशील तसं." धड पुढे ढकलणारं नाही, धड मागे ओढणारं नाही, असं ते वाक्य.

आणि आता हा गुंता. याची एक रंगीत प्रत काढून सासूबाईंसमोर ठेवावी, असं तिच्या मनात येत होतं.

"हे यंत्र कुठे होतं?" सर कधी मागे येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नाही.

"पिशवीत."

"आणि पिशवी? खुंटीवर?"

 पाळणाघराच्या दाराशेजारच्या खुंट्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. प्रत्येक खुंटीवर एक चित्र होतं. ठकूच्या खुंटीवर बदक.

"हे यंत्र जागचं हललेलं नाही," सर म्हणाले. "छताखाली उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटत आपटत पोचतात. मग याला वाटतं, आपणच फिरतोय. गप्प बसलेलं यंत्र आत असंच भरकटतं. पुसून टाका."

"म्हणजे सगळंच खोटं?"

"आतलं. उघड्या आभाळाखालची रेघ बघा, ती बऱ्यापैकी खरी असते."

टाचणीने तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या पडद्याकडे तोंड वळवलं. तिने बाटलीचं झाकण लावलं. एकदा लागलं होतं तरी पुन्हा आवळलं. मग छपरावरचे ठिपके एकेक झुबका धरून ती पुसत गेली. साळिंदर नाहीसं झालं. खाली छप्पर उरलं, नुसतं करडं.

अंगणात मात्र एक रेघ शिल्लक होती. दारापासून फाटकापर्यंत, फूटपट्टीने ओढल्यासारखी. तिन्ही दिवशी तीच.

तिने फोनची निळी वाट वर आणली आणि वेळेची पट्टी पहिल्या सकाळवर ठेवून चालू केली. निळा आणि लाल ठिपका जोडीने आले. लाल आत गेला. निळा कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, फाटकाशी येऊन थांबला. हे तिला ठाऊक होतं. बघताना तरीही कानशिलं तापली. आणि मग, दप्तर खुंटीवर लागायच्या आधीच, लाल ठिपका दारातून बाहेर पडला, अंगण ओलांडून सरळ आला आणि फाटकाच्या आतल्या बाजूला थांबला.

एक पत्र्याच्या अलीकडे, एक पलीकडे. दोघे तसेच.

मग निळा बसथांब्याकडे निघाला, आणि तो निघताक्षणी लाल आत पळाला.

तिने दुसरा दिवस लावला. मग तिसरा. मग पुन्हा पहिला.

"यंत्रं एका खिशात नव्हती वाटतं," सर फेरी मारून परत आले होते.

"नव्हती."

"मग गृहपाठ परत करावा लागेल तुम्हाला."

"करते, सर," ती म्हणाली. "पुढच्या सत्राआधी देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र ठकूच्या दप्तरात न ठेवता तिने आपल्या खिशात टाकलं.

"तो तुझा डबा नको का आता मला?" ठकूने विचारलं. तिला सगळं माहीत होतं तर.

"नको." ती ठकूच्या बुटाचा पट्टा लावायला खाली बसली. "ठकू, मला सोडून आत गेलीस की परत फाटकाशी का येतेस गं?"

"तुझे बूट दिसतात खालून."

"मग?"

"मग काय! तू एकटीच उभी असतेस." ठकूने दुसरा पाय पुढे केला. "तू गेलीस की मी जाते. तोपर्यंत चेंडू दुसरेच घेतात."

पट्टा लावायला तिला जरा वेळ लागला.

पाळणाघरात ठकूला सोडून ती बाहेर पडली. आत कुणीतरी गळा काढला होता. फाटक ओढून चार पावलं टाकली तोच तिच्या उजव्या बुटाची नाडी सुटली आणि पायाखाली येऊ लागली. ती वाकली नाही. नाडी फरफटत तशीच चालत राहिली, कोपरा आला, कोपरा गेला, रस्ता ओलांडून ती पलीकडच्या बसथांब्यावर पोचली आणि मग कुठे तिने पाय कठड्यावर ठेवला.