एका जागी न थांबणारी इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी, वजनदार आणि जरा तापट इस्त्री आहे. आजही कामात आहे. पण ज्या हातांची मी होते, ते हात आता मला धरत नाहीत.

मला घडवलं कारखान्यात, पण वळण लावलं ते या घरातल्या आईने. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिने एकटीने लेकीला वाढवलं. "इस्त्री थांबली की कापड जळलं!" हा तिचा धडा. इतक्या वर्षांत तिने एकही कॉलर करपू दिली नाही. गिऱ्हाईक तिच्या हाताचं कौतुक करायचं आणि मी उगाच फुशारून जायचे.

पुढे लेकीने घरीच शर्टांवर चित्रं छापायला घेतली. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई शर्टावर ओढायची, वाळवायची आणि माझ्या उष्णतेने पक्की करायची. पहिलं मोठं काम आलं. धावणाऱ्या मुलींच्या संघाचे तीस शर्ट, छातीवर उडता पक्षी. हे जमलं तर वर्षभराचं काम तिलाच मिळणार होतं.

"आई, वर पातळ कापड टाक आणि इस्त्री एकेका जागी दाबून धर."

"कालची पोर तू, मला इस्त्री शिकवतेस?"

लेक हसली आणि छपाईला लागली. आई मला सरसर फिरवत राहिली. शाई बोटाला लागेना, तेव्हा दोघींना वाटलं, झालं काम. ऊब वरवरच राहतेय हे मला कळत होतं, पण मला तोंड कुठे? एकदाच दारात शेजारीण आली आणि आई मला शर्टावरच्या पक्ष्यावरच विसरली. पक्ष्याच्या कडेला शर्ट करपला. "अगं बाई, घात झाला!" म्हणत तिने तो ट्रंकेत दडवला आणि एक कमी भरतोय असं सांगून लेकीकडून दुसरा छापून घेतला.

पहिल्याच धुण्यात सगळे पक्षी वाहून गेले. संघाने शर्टांचं गाठोडं परत आणून टाकलं. लेकीचा तोल सुटला. "तुझ्या हातांत आता राम राहिला नाही, आई!"

आईने माझी वायर गुंडाळली आणि मला फडताळात ठेवलं.

काही दिवसांनी लेकीला तो करपलेला शर्ट सापडला. तिने तो दोनदा धुतला. पक्षी जसाच्या तसा! मी जिथे थांबले होते, तिथेच शाई पक्की झाली होती. आईचे हात थकले नव्हते. ते त्यांच्या सवयीला जागले होते, एवढंच.

"चुकलं गं माझं," लेक रडत म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली. पण मला हात लावला नाही.

आता लेक मला दाबून धरते आणि मनात आकडे मोजते. तिचे शर्ट टिकतात, संघही परत आला. तिची स्वतःची कॉलर मात्र चुरगळलेलीच असते. आई ती बघते. तिचा हात जरासा वर होतो आणि पुन्हा मांडीवर जातो.

मित्रांनो, माझा तळ पुसून ठेवा, वायरीला पीळ देऊ नका, मी पुष्कळ वर्षं टिकेन. पण घरातल्या माणसांना याहून जास्त जपा. लेक शाईसाठी आता शंभरापर्यंत मोजते. त्या दिवशी बोलण्याआधी तिने नुसते दहा मोजले असते, तर मी आज आईच्या हातात असते.