गोदावरीची बाजू

"चढ ना व. हात देऊ का?" यज्ञेश्वरने विचारलं.

"मले नको. गाडीले सांगा, नीट चाल म्हणून," असं म्हणत गोदावरी पिकअपमध्ये चढली. तब्बल सहा वर्षांनी!

गाडी बासष्ट सालची. यज्ञेश्वर तिचा नवरा; त्याच्या बीरगावच्या गॅरेजातून गोदावरीचे पापड हिच्यातूनच सदर बाजारात जायचे, शेजारी गोदावरी बसलेली. पुढे तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, हिसके नकोत. गाडीच्या पुढच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगचे पट्टे, इतक्या कडक, की चाक खड्ड्यात गेलेलं थेट टाळूत कळायचं. बाई घरी बसली. पापड एकटेच बाजाराला जाऊ लागले.

यज्ञेश्वर हट्टाला पेटला. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन त्याने काढून आणलं. त्यात कमानी नाहीत. दोन लांब पोलादी दांडे पीळ खाऊन धक्का सोसतात. दोन महिने कापाकापी आणि वेल्डिंग चाललं. लोक म्हणाले, म्हातारीला पैंजण कशाला? गोदावरीला त्याने शब्द दिला, "तुले एक जरी हिसका बसला, तं गाडी भंगारात. बोलून ठेवलं हाय भंगारवाल्याले." आणि शब्द फिरवणाऱ्यातला तो नव्हता.

मुहूर्त धरला विश्वकर्मा पूजेचा. औजारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली. त्या दिवशी त्यांना कोणी हात लावत नाही.

गाडी निघाली. फाटकाजवळच्या चरात डावं चाक उतरलं मात्र, खण्णकन लोखंडावर लोखंड आपटलं. गोदावरीने कंबर धरली.

"थांबवा!"

यज्ञेश्वरने ब्रेक दाबला. याच चरातून त्याने गाडी दहादा नेली होती, कधी वाजली नव्हती! तो उतरून समोर उभा राहिला. गाडी डावीकडे झुकली होती. गोदावरीच्या बाजूला.

त्याने कपाळावर हात मारला. गाडीची उंची बसवताना तो स्वतः सीटवर बसायचा आणि त्या वजनाला पुरेल एवढा उजवा दांडा आवळायचा. डाव्या सीटवर कोणी बसणार आहे, हे ध्यानातच घेतलं नव्हतं. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिलाच विसरला शहाणा!

"तुले हिशेबात धरलंच नाई मी," तो खाली मान घालून म्हणाला. "एकट्यानं चालवाची सवय पडली."

"वा! अन् मी तिकडं देवाले नवस बोलून राहिली होती. जा, हा हिसका मी धरला नाई, भंगारवाल्याले राहू द्या. मंग आता?"

"डाव्या दांड्याचा बोल्ट दोन फेरे आवळा लागते. पण आज पाना कसा धरू?"

शेजारचा लेथवाला गौतम साहू धावत आला. "आज औजार नहीं छूते, भैया। कल कर लेना।"

"उद्या माही हिंमत राहीन काय?" गोदावरी जपून उतरली, आत गेली, पाटासमोर हात जोडले आणि कुंकू लावलेला पाना उचलून आणला. "घ्या. विश्वकर्म्यानं जलमभर कामच केलं. त्याले कामाचा राग काहून येईन?"

गौतमने कान धरले. मग जॅक लावला.

दोन फेरे झाले. गोदावरी पुन्हा चढून बसली, यज्ञेश्वर स्टिअरिंगवर. गौतमने टेप लावून दोन्ही बाजू मापल्या आणि ओरडला, "एक सूत का फर्क नहीं!"

गाडी चरात उतरली आणि चढली. आवाज नाही, हिसका नाही. गोदावरीने मागे वळून पाहिलं.

"गेला चर?"

"गेला!" यज्ञेश्वरला इतका आनंद झाला, की उगाचच दोनदा हॉर्न वाजवला. शाब्बास रे गड्या!

बूढ़ापारा मोहल्ल्यात आले तर पुढे दोन रस्ते. एक नवा, गुळगुळीत. दुसरा खोदून ठेवलेला. नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शहराला काही ना काही खोदायची खोडच लागली होती. यज्ञेश्वर नव्याकडे वळू लागला.

"तिकून काहून? खोदेल रस्त्यानं घ्या."

"अवं, तुही कंबर!"

"कंबर माही हाय. घ्या म्हणते ना."

त्याने गाडी खोदलेल्या रस्त्याला घातली. पिकअप खड्ड्यांतून चालली होती आणि गोदावरी खिडकीत कोपर टेकून, सहा वर्षांत नव्याने लागलेल्या दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचत होती.