देवदूताला आईचा दाखला लागतो

शनिवारी सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी माणसं, निम्मी कुत्र्याची पिल्लं. मध्यभागी ब्रदर लेमॉइन निळ्या बाटलीतून एकेका पिल्लाच्या जिभेवर देवदूताचे तीन थेंब सोडत होते.

"डॉक्टर टोचते चारदा, देवदूत शिवतो एकदा! थेंबांनंतर पंधरवड्यात पार्व्होच्या रोगानं एकही पिल्लू गेलेलं नाही!"

"आणि पंधरवड्यानंतर?" कुणीतरी विचारलं.

"मालकाची श्रद्धा पातळ पडते."

सोयच होती. जगलं तर ब्रदरचं, मेलं तर मालकाचं.

वर्ना निएमी रांगेत दुसरी होती. तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. तिच्या कोटात सात आठवड्यांचं पिल्लू होतं, मुरू. नवऱ्यामागं उरलेल्या कुत्रीची ही शेवटची वीण, त्यातलं हे एकच जगलेलं. सोमवारी लस होती. ती रद्द करायचं वर्नानं जवळपास ठरवलं होतं. शेजारच्या टोइव्होनं सहाव्या आठवड्यात लस टोचून घेतली, तरी त्याचं पिल्लू दहाव्यात रक्ताच्या हगवणीनं गेलं. मग लस काय चाटायचीय?

तिच्या पुढं पॉलीन होती. तिचं पिल्लू खोक्यात टाकून दिलेलं सापडलं होतं.

"आईचा लशीचा दाखला?" ब्रदरनी विचारलं.

"अहो, सापडलेलं आहे. आई कोण, काय माहीत!"

"मग देवदूत उतरणार नाही. आईच्या लशी झालेल्या हव्यात, पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं हवं. पुढचे!"

दाखला पुढं करणारा वर्नाचा हात थबकला. एकच गोष्ट फार खोदून विचारणारं पोर तीच लपवत असतं, हे तिला बसनं शिकवलं होतं.

"ब्रदर, देवदूताला लशीचा दाखला कशाला हो? परदेशी चाललाय का?"

हॉल खदखदला. मागं कॉफी पीत उभ्या असलेल्या जनावरांच्या डॉक्टर ओयालाबाई पुढं आल्या.

"कारण राखण आई करतेय, वर्ना. लस घेतलेली आई पहिल्या दुधातून पिल्लाला उसने पहारेकरी देते. रोग आला की ते मारतात. पण लशीलाही चोर समजून मारतात! टोइव्होची लस त्यांनीच गिळली. पुढं हे पहारेकरी पांगतात, कुणाचे आठव्या आठवड्यात, कुणाचे चौदाव्यात. बाहेरून कळत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. पहारा उठला की पुढची लस लागू पडते."

"मला का नाही सांगितलंत?" गर्दीतून टोइव्हो पुटपुटला.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, डॉक्टरीणबाई धंदा करते."

टोइव्हो हातातली टोपी चुरगाळत राहिला.

"श्रद्धा ठेवा, बंधूंनो—" ब्रदर सुरू झाले.

"ठेवते की!" वर्ना म्हणाली. "पॉलीनच्या पिल्लाला द्या थेंब. आई नाही त्याला. खरी गरज त्यालाच आहे."

ब्रदरनी पॉलीनकडं पाहिलं, पिल्लाकडं पाहिलं, आणि बाटलीला बूच लावलं.

पॉलीनचं पिल्लू तिथूनच डॉक्टरांच्या गाडीत बसलं. मुरूला सोमवारी लस मिळाली, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वर्नानं पुढच्या तारखांभोवती लाल गोल काढले, सोळाव्या आठवड्यापर्यंत.

तेव्हा मंडळी, चमत्कार किती जणांना लाभला हे मोजत बसू नका. दारातून कुणाला परत पाठवलं, तेवढं विचारा.