लढाईशिवाय मेलेला राक्षस

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. कथा ठरते, बाक मांडतात, पुढचं तोंडाला येईल तसं. परशुरामाचा घात याच रिवाजाने केला.

आचऱ्यात कुणाच्या तरी पूजेनिमित्त संध्याकाळचा प्रयोग. परशुराम हा कंपनीत राक्षसाची कामं करणारा नट. गेल्या हंगामात लढाईच्या गिरकीत त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, व्यायामात टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबून दाबून बायकोचे, यशोदेचे, टॉवेल विटले. कंपनीच्या मालकांनी रंगपटातच बजावलं होतं, "आज तुझी लढाय बघतंय. मगे ठरवया तुका ठेवचा काय ता."

"बघाच तुमी!"

मग राजा झालेला सत्यवान समोर आला. जुना जोडीदार.

"दैत्या, मरणाला सिद्ध हो!"

"ये! युद्ध कर!"

इथे पखवाज घुमतो. इथे परशुराम गिरकी घेतो. इथे पेंगणारे डोळे उघडतात.

पखवाज घुमला. परशुरामाने पाय टाकला.

गुडघा आतल्या आत सरकला. किंचित. तोंडावर रंगाचा थर होता, पण सत्यवानाला डोळ्यांतली कळ दिसली.

"थांब! तुझ्यासारख्या अधमाच्या रक्ताने आमची तलवार विटाळायची? शापानेच भस्म हो!"

पखवाज गप्प.

"शाप? भ्याडा, युद्ध कर!" हे राक्षस बोलला नाही, परशुराम बोलला.

"झालास भस्म," राजा म्हणाला. अगदी मायेने.

लढाई :

. . . . . . . .

भस्म झालेल्याने पडायचं असतं. पडायला गुडघा दुमडावा लागतो. परशुराम उभाच राहिला. मग वळला आणि लंगडत आत निघाला.

"अरे, मेललो चलता बघ!" प्रेक्षकांतून कुणी ओरडलं.

मांडव हसून लोळला.

आत मालक पान जुळवत होते. "फाल्या आराम कर, परशा."

"आणि परवां?"

"परवांय कर."

ते उठून गेले. आराम करणाऱ्याला कंपनी परत बोलावत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुका वाचवलंय रे," सत्यवान म्हणाला. "पडलो असतस."

"मगे पडलो असतंय!"

सत्यवान मुकुटासकट खाली बसला आणि परशुरामाच्या वेषाखालचा गुडघ्याचा पट्टा सोडवू लागला. दोन्ही गुडघे दुमडून, सहज, आवाजसुद्धा न होता.

परशुराम त्या गुडघ्यांकडे बघत राहिला.