दहा मिनिटांचा गजर

"वाजला का गं फोन?" नेआ साबिननी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"कुठला वाजतोय! अख्खं ब्राइला चर्चमध्ये आहे. आज सगळ्या तक्रारी देवाकडे."

म्हणून तर आम्ही नेटवर्क बदलायला ईस्टरच्या आधीच्या रविवारची सकाळ धरली होती. मी तेओडोरा, ग्राहकांचे फोन घेते. माझ्या पाठीमागच्या टेबलावर साबिन, वयानं मोठे म्हणून आम्ही त्यांना 'नेआ' म्हणतो, आमच्या गावच्या इंटरनेटचा बापच. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर वायर टाकत त्यांनी ते उभं केलं. नियम असा, की प्रत्येक राउटरची, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या डब्याची, बाकी प्रत्येकाशी थेट ओळख हवी. आपल्याकडचे रस्ते ज्यानं त्यानं स्वतः सांगायचे, ऐकलेलं पुढं सांगायचं नाही. नवा राउटर बसला की नेआ साबिन प्रत्येक जुन्याच्या यादीत त्याचं नाव घालायचे, नव्या सुनेला भावकीत घरोघर फिरवतात तसे. गाव वाढलं तसं हे प्रकरण हाताबाहेर गेलं.

मग बुखारेस्टच्या एका कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. आता मधोमध दोन थोरले राउटर बसणार. बाकीच्यांनी फक्त त्या दोघांशी बोलायचं, आणि ते दोघं सगळ्यांना सगळं सांगणार. युक्ती चांगलीच होती, नेआ साबिनही तसंच म्हणायचे. पण मग गावात नेआ साबिन कशाला हवेत? कंपनीचे डायरेक्टर झाहारिया आज जातीनं आमच्या ऑफिसात येऊन बसले होते. त्यांनी नेआ साबिनना शब्द दिला होता, "ब्राइलात एक जागा राहील. एकही ग्राहक न तुटता बदल झाला, तर ती तुमची."

त्या एका जागेवर साफ्ता डोळे लावून बसली होती. साफ्ता त्यांची बायको. कित्येक वर्षं इटलीत एका म्हातारीचं हगणं-मुतणं काढतेय बिचारी. नवऱ्याची नोकरी टिकली तर ईस्टरला येणार ती कायमची.

सकाळपासून नेआ साबिन एकेक राउटर नव्या पद्धतीवर वळवत होते. लांबच्या राउटरला हात लावण्याआधी ते त्याला गजर लावायचे: दहा मिनिटांत मी तुला अडवलं नाही, तर बंद होऊन पुन्हा सुरू हो आणि जुनंच आठव. काही चुकून आपणच बाहेर फेकले गेलो, तर तो आपोआप पूर्वीसारखा होतो. काम नीट झालं की नवं पक्कं करायचं आणि गजर काढायचा. या धंद्यात सगळेच असं करतात.

शेवटी बंदराजवळचा राहिला, त्यांनी बसवलेला पहिलावहिला. त्यानं थोरल्यांशी बोलणं सुरू केलं आणि नेमका साफ्ताचा फोन आला.

"झालं का रे माणसा?"

"झालं! ये तू आता."

"खरंच? देवा! थांब, आईला सांगते!"

साफ्ताची आई बंदराकडेच राहते. झाहारिया साहेबांनी उठून नेआ साबिनचा हात हातात घेतला. नेआ साबिन हसत होते आणि डोळेही पुसत होते. ईस्टरआधीच्या उपवासात या रविवारी मासा चालतो. मी घरून तळलेला मासा आणला होता, तो उघडून टेबलावर मांडला.

आणि माझा फोन वाजला. मग दुसरा. सगळे बंदराकडचे.

नेआ साबिन पांढरेफटक पडले. "गजर," ते म्हणाले. "अगं, मी गजर काढलाच नाही."

बंदराचा राउटर बंद होऊन उठला होता, जुनी यादी घेऊन. गावातल्या प्रत्येक राउटरला तो नावानं हाक मारत होता. पण त्यांच्या याद्यांतून त्याचं नाव सकाळीच पुसलं गेलं होतं, नेआ साबिननीच पुसलं होतं. स्क्रीनभर नावंच नावं, आणि एकाचंही उत्तर नाही.

त्यांनी चटकन सगळं नीट केलं. पण साहेब म्हणाले, अट मोडली. मी त्यांच्यावर भडकले. "काही मिनिटांचं काय घेऊन बसलात? माणसानं आयुष्य घातलंय इथं!"

"बाई, मलाही वर उत्तर द्यावं लागतं," ते म्हणाले. "तुटलं ते तुटलं." आवाज अगदी मऊ होता, त्याचाच मला जास्त संताप आला. त्यांनी कोट चढवला आणि गेले. माशाला कुणी हात लावला नाही.

साफ्ताचा पुन्हा फोन आला. तिचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता.

"अरे, व्हिडिओवर आई मधेच थिजली होती, तोंड उघडं ठेवून! आता दिसतेय. नुसती रडतेय आनंदानं. ऐक, इथल्या म्हातारीला सांगून टाकू ना, मी चालले म्हणून? आणि तिकीट?"

नेआ साबिन स्क्रीनकडे बघत राहिले. बंदराचा राउटर दोघा थोरल्यांशी बोलत होता. सगळं सुरळीत चाललं होतं.

"म्हातारीला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "तिकीट काढ. येण्याजाण्याचं काढ."