बंद करू नकोस

एर्मिंदाचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात वर्षभर अनुत्तरित पडून होतं. ती दूर दक्षिणेला, पुंता अरेनास शहरात असते. तिची आई एदेलमिरा आमच्या आचाओ गावच्या रेडिओवर बेटांवरच्या लोकांचे निरोप वाचायची. कुणाची बोट कधी निघणार, कुठल्या घरी बाळंतपण झालं. एदेलमिरा वारली, तरी निरोपांच्या आधी अजून तिचंच 'बेटांनो, ऐका' वाजतं. एर्मिंदाने विचारलं होतं, आईचं आणखी काही रेडिओच्या सर्व्हरवर आहे का? नातवंडांनी तिचा आवाज ऐकलेला नाही.

होतं. तिची सगळी वाचनं, ते 'बेटांनो, ऐका'सुद्धा, एका मोठ्या फाइलीत होती. पण सर्व्हर जुना, आणि तो सांभाळणारे माझे हात त्याहून जुने. नक्कल करायला जावं आणि काही बिघडावं, या भीतीने मी 'आहे' एवढंही लिहिलं नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी, वादळात, रेडिओवरच्या यास्नाचा फोन आला.

"काका, डिस्क भरली म्हणतोय. सगळ्यात मोठी जुनी फाइल उडवली, तरी भरलेलीच दाखवतोय. हट्टी आहे, अगदी तुमच्यासारखा."

"कोणती फाइल?"

तिने नाव सांगितलं. एदेलमिराच्या वाचनांचीच.

"आता बंद करून चालू करते. नेहमी त्यानेच सुटतं."

"यास्ना, बटणाला हात लावू नकोस."

"मग काय करू, त्याला मातेचा चहा पाजू?"

"तू पी. मी निघालो."

या जातीच्या मशीनवर फाइल पुसली की आधी फक्त तिचं नाव जातं. एखादा चालू प्रोग्राम तिला धरून असेल, तर त्याने सोडेपर्यंत आतला मजकूर जागेवरच राहतो. म्हणून तर जागा मोकळी झाली नव्हती. 'बेटांनो, ऐका' वाजवणारा प्रोग्राम ती फाइल उघडून बसला असणार. मशीन बंद झालं की तोही जाणार होता.

पोचलो तेव्हा गावातली वीज नुकतीच गेलेली. सर्व्हर बॅटरीवर चालला होता.

"किती टिकेल ही?"

"मागच्या वेळी तीन गाणीसुद्धा पुरी झाली नव्हती."

कोण कोणती फाइल धरून आहे, ते मी मशीनला विचारलं. यादीत तो प्रोग्राम होता, त्याचा क्रमांक होता आणि फाइलीच्या नावापुढे 'पुसलेली' असा शेरा. त्या क्रमांकाच्या वाटेने मी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतली. बोटं दोनदा चुकली. यास्ना कीबोर्डवर टॉर्च धरून उभी होती.

नक्कल संपली. मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. एदेलमिरा खोकली, आणि चाउलिनेक बेटावरच्या कुण्या माणसाला म्हणाली, तुझा भाऊ बरा आहे, काळजी करू नकोस.

"मी हे पुसलं होतं," यास्ना म्हणाली.

"नाव पुसलं होतंस."

"त्यात काय आहे, ते सांगायचं ना कधीतरी, काका."

"हो. सांगायला हवं होतं."

थोड्या वेळाने बॅटरी संपली आणि सर्व्हरचा पंखा थांबला.

दुसऱ्या दिवशी रेडिओसाठी एक नक्कल ठेवून ती डिस्क मी लोकरीच्या मोज्यात गुंडाळली, वर कागद ठेवला, 'एर्मिंदा, आहे', आणि पाकीट पोस्टात टाकलं.