मोडकं-तोडकं विकायचंय का?

जरा हळू. मी बोलतोय, पण गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची गाडी उभी आहे. तिला माझा आवाज ऐकू जाईल असं मला उगाचच वाटतं. ती चढण चढून गेली की मोकळेपणाने सांगतो.

हं, गेली.

मी एक टेपरेकॉर्डर. काळा, चपटा, एकाच स्पीकरचा. अम्मानच्या अश्रफिया टेकडीवर रिहाबबाईंच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. स्वभावाने मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा माझ्यापाठी भंगारवाला. आणि त्याला कारण आहे. मी स्वतःच अनेक वर्षं भंगारवाल्याचा आवाज होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पाठीवरचा कागद केव्हाच उडून गेला. आठवतं ते अबू नायेफच्या पिकअपपासूनचं. त्याने मला स्टिअरिंगसमोर दोरीने बांधलं होतं आणि माझ्या कानातून एक तार टपावरच्या भोंग्याला नेली होती. माझ्या पोटात एकच कॅसेट. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एकच ओरडायचो: "जुना फ्रिज, जुनी वॉशिंग मशीन, जुना हीटर, जुनी शेगडी, मोडकं-तोडकं विकायचंय का?"

मग एखाद्या गच्चीवरून बाई डोकवायची.

"अहो अबू नायेफ, फ्रिज आहे, पण अजून चालतो हं!"

"चालतो तर विकता कशाला, उम्म खलदून? माझ्यावर प्रेम आहे म्हणून?"

लोक हसायचे. घासाघीस व्हायची, आणि फ्रिज पाठीमागे चढायचा. मलाही गंमत वाटायची, लपवत नाही. पण संध्याकाळी गाडी भंगाराच्या वखारीत जायची. तिथे मी जे पाहिलं त्यानंतर माझी गंमत संपली. सकाळपर्यंत कुणाचे तरी कपडे धुणाऱ्या मशिनीवर घण पडत. तांब्यासाठी तारा जाळत. ज्यांना मी गोड आवाजात खाली बोलावलं होतं, ती सगळी तिथे उताणी पडलेली असत. रात्र झाली की माझी पाचावर धारण बसायची. आज ना उद्या माझीही पाळी येणार, हे मला कळून चुकलं होतं.

आणि ती आली. अबू नायेफने एक नवा भोंगा आणला, ज्याच्या पोटातच आवाज भरून ठेवता येतो. माझी दोरी सोडली आणि मला पाठीमागे भिरकावलं, एका शेगडीच्या मांडीवर. वरून भोंगा ओरडत होता, माझेच शब्द, माझ्यापेक्षा मोठ्याने.

नशीब म्हणून मी घणाखाली न जाता जुम्म्याच्या बाजारात गेलो. तिथे चादरीवर, चार्जर आणि बाहुल्यांच्या मध्ये, जवादने मला उचललं. जवाद हा औषधांच्या दुकानाचा मालक, गोल पोटाचा, बोलका आणि महाचिकट. त्याने मला उलटंपालटं केलं, लाल बटण दाबून पाहिलं आणि विकणाऱ्याला विचारलं, "हा ऐकतो का?"

"ऐकतो म्हणजे? माझ्या बायकोपेक्षा जास्त ऐकतो."

"मग फार नाही ऐकत," जवाद म्हणाला, आणि एका शावर्म्याच्या किमतीत मला घरी घेऊन आला.

मला मात्र धडकी भरली होती. माझं ते लाल बटण कित्येक वर्षांत कुणी दाबलंच नव्हतं. मी फक्त बोललो होतो, तेही एकच वाक्य. ऐकून लक्षात ठेवणं आपल्याला अजून जमतं की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

घरात पाऊल ठेवलं आणि काहीतरी बिनसलंय हे कळलं. ऐन थंडीचे दिवस, टेकडीवर बोचरा वारा, आणि खोलीत हीटर बंद. रिहाबबाई, म्हणजे जवादची थोरली बहीण, दोन रजया पांघरून टीव्हीसमोर बसलेल्या. टीव्ही चालू. त्याच्या पुढ्यात पिवळी पडलेली एक जाड पाटी, बटणांवर अरबी अक्षरं. तो त्यांचा जुना घरगुती संगणक होता. कुवेतमध्ये गणित शिकवत असताना त्यांनी तो हौसेने घेतला होता. आणि पडद्यावर लाल-हिरव्या चौकोनांची नक्षी, एकेक चौकोन म्हणजे एकेक टाका.

नक्षी त्यांच्या आईच्या पोशाखाची होती. आईने, म्हणजे हाज्जा निजमे यांनी, लग्नाआधी आपल्या गावात असताना, तो काळा पोशाख स्वतः भरला होता. छातीवर दोन सुरूची झाडं, समोरासमोर. लढाईत गाव गेलं, पोशाख राहिला. मग दुसऱ्या एका युद्धात कुवेतमधूनही घाईने निघावं लागलं, तेव्हा पोशाख कपाटात राहिला आणि रिहाबबाईंच्या पिशवीत आला हा संगणक. त्यात आईला शेजारी बसवून त्यांनी पोशाखाचा टाका न् टाका आधीच उतरवून ठेवला होता. आता आई नव्हती, पोशाख नव्हता. उन्हाळ्यात जवादच्या मुलीचं, लमीसचं, लग्न होतं, आणि मेंदीच्या रात्री तिच्या अंगावर आजीचा पोशाख, तसाच्या तसा नव्याने भरून, घालायचा, असं आत्याने ठरवलं होतं.

पण नक्षी जिच्यावर साठवली होती त्या डिस्कवर बुरशी चढली होती. डिस्क-ड्राइव्हने कुरकुरत नक्षी शेवटची वाचली, करकर वाजला आणि मेला. आता ती नक्षी जगात एकाच ठिकाणी होती, त्या चालू संगणकाच्या डोक्यात. वीज गेली की पुसली जाणार. म्हणून हीटर बंद. त्या घराचा फ्यूज हीटर लावला की उडायचा.

फोटो काढून पाहिले होते. त्या म्हाताऱ्या टीव्हीचे रंग एकमेकांत सांडलेले, वर काळे पट्टे.

"ही नक्षी आहे की मुलुखियाची बुळबुळीत पालेभाजी?" रिहाबबाई म्हणाल्या होत्या. हाताने उतरवायला घेतली, तर दुसऱ्या ओळीलाच मोजणीवरून बहीणभाऊ भांडले. मग जवादला आठवलं, की हा संगणक कॅसेटवरही लिहू शकतो. सोबतचा रेकॉर्डर हरवलाय, एवढंच. म्हणून मी.

हे सगळं ऐकून माझं धाबं दणाणलं. असल्या जोखमीच्या कामाला मी? शावर्म्याच्या किमतीचा?

जवादने मला उघडलं. दुकानातलं स्पिरिट आणि कापूस घेऊन माझं डोकं पुसलं. वर्षानुवर्षांची धूळ निघाली. पोटातला रबरी पट्टा सैल झाला होता. नवा आणायला पैसे पडतील म्हणून त्याने डॉक्टरी हातमोज्याची किनार कापून बसवली. माझा आवाज मळलेल्या कणकेसारखा लांबत गेला.

"ताई, आला बघ ओळीवर!"

"ओळीवर? याला तर मळमळतंय," रिहाबबाई रजईतून म्हणाल्या. "चिकटपणा सोड आणि बाजारात जा."

तो गेला आणि दुसऱ्या एका मेलेल्या रेकॉर्डरचा पट्टा घेऊन आला. तो माझ्या पोटात बसवला. कुणाचा होता, मी विचारलं नाही. जुन्या हेडफोनच्या तारा कापून त्याने तीन शेपट्यांची एक दोरी केली. एक माझ्या कानात, एक तोंडात, आणि तिसरी संगणकाने मला थांबवावं-चालवावं म्हणून. कॅसेटी होत्या त्याच्याच तरुणपणच्या गाण्यांच्या. त्यांच्या मागची फोडलेली खाच कागदाच्या बोळ्याने बुजवली, म्हणजे त्यावर पुन्हा भरता येतं.

"बरं झालं, ती रडकी गाणी गेली एकदाची," त्याची बायको इब्तिसाम दारातून म्हणाली.

मग लाल बटण दाबलं.

संगणक किंचाळू लागला. एक जाड सूर, एक बारीक सूर, जाड, बारीक, बारीक, जाड. ना शब्द, ना चाल. माझ्या अंगावर काटा आला. एक सूर जरी निसटला तरी कुणाच्या तरी आईच्या हातचा टाका जाणार. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. जवादने तीन कॅसेटी भरून घेतल्या. पण नीट भरल्या गेल्या की नाही, हे कळायला संगणकाच्या डोक्यातलं पुसून कॅसेटवरून परत वाचावं लागणार होतं. आणि ते पुसायची कुणाची छाती होईना. रिहाबबाई म्हणाल्या, "आजचा दिवस राहू दे." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लमीसच्या सासरची माणसं आली. खालच्या मजल्यावर कॉफी झाली, मिठाई झाली. बाहेर गारा पडत होत्या आणि होणाऱ्या विहिणीने शाल घट्ट ओढली. आता पाहुणी कुडकुडतेय आणि हीटर कोपऱ्यात बंद, हे इब्तिसामला कसं बघवेल? तिने लावला.

टप्.

वर अंधार झाला. टीव्हीच्या मधोमध एक ठिपका राहिला आणि विझला. रिहाबबाई ओरडल्या नाहीत. अंधारात फक्त एवढंच ऐकू आलं, "गेली. माझी आई गेली रे, जवाद."

फ्यूज बसवला. इब्तिसाम वर आली, हात जोडून रडायला लागली. "मी काय करू, ताई, त्या बाईचे ओठ निळे पडले होते!"  सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं, आणि मला कुठल्या तरी फटीत शिरून बसावंसं वाटत होतं.

पहिली कॅसेट. मी वाजू लागलो आणि संगणकाने मध्येच मान टाकली, चूक म्हणाला. जवादने माझ्या डोक्याजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा. रिहाबबाईंनी रजई डोक्यावरून घेतली आणि आत पुटपुटत राहिल्या. मी जाड, बारीक, बारीक, जाड म्हणत गेलो. शेवटी संगणक गप्प झाला आणि पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली. सुरूची दोन झाडं, समोरासमोर.

"आली!" इब्तिसाम किंचाळली.

जवाद मात्र पडद्याला नाक लावून बसला. "थांबा. हे बघ, डावं आणि उजवं सारखं असायला हवं. उजव्या झाडाच्या शेंड्याला एक टाका हिरवा आहे. डावीकडे लाल." त्याने दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. तिथेच, तोच टाका. "सगळ्यांत एकाच जागी चूक, म्हणजे दोष या डबड्याचा. एक टाका खाल्ला, अजून किती खाल्लेत कुणास ठाऊक. याच्यावर भरवसा नाही ठेवता येत."

आणि त्याच वेळी, गारा थांबलेल्या गल्लीतून, आवाज आला. "जुना फ्रिज, जुनी वॉशिंग मशीन, मोडकं-तोडकं विकायचंय का?"

जवादने माझ्या कानातोंडातल्या तारा उपटल्या. "अबू नायेफला देतो आणि दुसरा धड बघून घेतो." तो मला काखेत मारून जिन्याकडे निघाला. मला ओरडायचं होतं. पण मी काय ओरडणार? मला येणारी एकच हाक तर खाली गाडीवर चालू होती. माझ्या डोळ्यांपुढे तो घण आला.

"जवाद." रिहाबबाईंचा आवाज रजईतून आला. "कुठला टाका म्हणालास?"

"उजव्या शेंड्याचा. हिरवा."

त्या उठून आल्या. पडद्याजवळ बसल्या. बोट त्या चौकोनावर ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"कुवेतला मी हा टाका दुरुस्त करायला गेले होते. म्हटलं, आई, इथे चुकलीस. तर तिने माझ्या हातावर चापट मारली, एवढी मोठी शिक्षिका मी! म्हणाली, पुरं बरोबर फक्त देवाचं असतं, बये. माणसाने आपला एक टाका चुकवून ठेवावा. तो मी ठेवलाय, त्याला हात लावायचा नाही." त्या हसत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं. "मी विसरले होते रे. पोशाख आठवत होता, चापट विसरले होते."

खालून हाक आली, "आहे का काही द्यायचं?"

जवादने खिडकीतून डोकं काढलं. "काही नाही, अबू नायेफ! जा तू, बाबा!" आणि मला परत फळीवर ठेवलं, यावेळी दोन्ही हातांनी.

आता माझ्यावर एक भरतकाम केलेला रुमाल असतो. रिहाबबाई दुपारभर पडद्याकडे बघून काळ्या कापडावर टाके घालतात. संध्याकाळी संगणक बंद, आणि सकाळी पुन्हा मी वाजतो. सगळे माझं कौतुक करतात. भीती मात्र गेलेली नाही, फक्त बदलली आहे. कॅसेटची फीत माझ्या डोक्यावरून घासत जाते तेव्हा तिच्यावरची तांबूस पूड कणाकणाने माझ्यावर उतरते. जवाद ती कापसाने पुसून टाकतो. मला रोज वाटतं, पुसलं ते काय होतं?

म्हणून माझी एक विनवणी आहे, रिहाबबाई. तुम्ही खालच्या घेरापासून सुरुवात केली आहे, शेंडा शेवटी येणार. तसं करू नका. मी डावं झाड विसरलो तर उजव्यावरून काढता येईल, घेर विसरलो तर कुणीही मोजून भरेल. उद्या मी वाजलो की तो हिरवा टाका आधी घालून घ्या. जे बरोबर आहे ते कुणालाही पुन्हा भरता येईल, पण ती चूक फक्त तुमच्या आईची होती, आणि आता ती फक्त माझ्याकडे आहे.